ऐतिहासिक वस्तीतील अल्पमुदती भाडेनिवास : फोंतेन्हासच्या आधारे एक विवेचन

१. संज्ञा आणि व्याप्ती

राहण्यासाठी बांधलेले घर, किंवा त्याचा एखादा भाग, परक्या व्यक्तीस काही रात्रींपुरता मोबदला घेऊन वापरावयास देणे, या व्यवहारास येथे ‘अल्पमुदती भाडेनिवास’ ही संज्ञा योजली आहे. या व्याख्येची तीन अंगे आहेत. मुदत रात्रींत मोजली जाते, महिन्यांत नव्हे, हे पहिले. वापराबरोबर काही सेवा, निदान धुतलेल्या चादरी आणि झाडलेली खोली, अभिप्रेत असते, हे दुसरे. वास्तूचा मूळ हेतू कुटुंबाचा निवास हा असतो, हे तिसरे. तिसऱ्या अंगामुळे हॉटेल व्याख्येबाहेर राहते. हॉटेल बांधतानाच त्याचा जिना, मोऱ्या, वीजभार आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट ही परक्यांच्या वर्दळीसाठी योजलेली असतात. घराची तशी नसतात. या विषयातील बहुतेक अडचणी या एकाच भेदातून उद्भवतात.

कायद्याच्या दृष्टीने पाहुण्यास मिळतो तो भाडेपट्टा नव्हे, परवाना होय. भाडेपट्ट्याने स्थावर मिळकतीच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. त्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये आहे. परवान्याने केवळ मुभा मिळते, मिळकतीत हितसंबंध उत्पन्न होत नाही. हे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ वरून स्पष्ट होते. दस्तावर कोणते नाव लिहिले आहे ते निर्णायक नाही. पक्षांचा हेतू काय होता आणि कब्जा एकट्याकडे दिला होता का, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात सांगितले. म्हणून ज्या घरात पाहुणा अकरा महिने राहतो, चालकाचे पाऊल पडत नाही आणि चादरही बदलली जात नाही, तेथे ‘पाहुणा’ हा शब्द मालकाचे रक्षण करील अशी खात्री बाळगता येत नाही.

व्यवहारातील पक्ष चार मानावे लागतात : मालक, चालक, पाहुणा आणि शेजारी. मालक आणि चालक एकच असू शकतात. अलीकडे बहुधा नसतात. शेजाऱ्याशी कोणाचाच करार नसतो, आणि म्हणूनच बहुतेक हिशेबांत तो येत नाही. प्रस्तुत विवेचनात त्यास चौथा पक्ष म्हणून जाणूनबुजून स्थान दिले आहे.

पायी फिरण्याजोग्या ऐतिहासिक वस्तीचे उदाहरण म्हणून पणजीतील फोंतेन्हास घेतले आहे. आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधील अरुंद पट्टीत ही वस्ती उभी आहे. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला नाव पडले. सेंट सेबॅस्टियनचे चॅपल १८१८ मध्ये स्थापन झाले. १८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची अधिकृत राजधानी झाली, आणि वस्तीची वाढ त्यानंतरच्या काळाची आहे. घरे एकमेकांस खेटून, दार थेट रस्त्यावर, मागे लहान परसू, क्वचित विहीर. शेजारचे सांव तोमे आणि मळा हे भाग वृत्तीने याच जातीचे आहेत. पाटोवरचे कदंब बसस्थानक खाडीवरचा पूल ओलांडून पायी गाठता येते.

येथे एक भ्रम दूर करणे इष्ट. फोंतेन्हास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्याचे भाड्याच्या जाहिरातींत सर्रास छापले जाते. ते असत्य आहे. १९८६ साली त्या यादीत गेली ती जुने गोवे येथील चर्च आणि मठ. फोंतेन्हासला संरक्षण आहे ते स्थानिक नियमांचे : हा भाग संवर्धनक्षेत्र म्हणून आखलेला असून घरांच्या बाह्य रूपात बदल करण्यास संमती लागते. जाहिरातीत असत्य लिहिणारा चालक पुढच्या प्रकरणांतील कर्तव्ये पाळील, असे मानण्यास आधार नाही.

२. विकली जाणारी वस्तू

पाहुणा पैसे कशाचे देतो? उत्तरासाठी एक तुलना पुरे. तोच पलंग, तीच गादी, तोच वातानुकूलक, तेवढेच चौरस फूट खाडीपलीकडच्या नव्या इमारतीत ठेवले तर रात्रीचा दर उतरतो. दोन दरांतील फरकास ‘स्थानमूल्य’ म्हणावे. चालकाच्या नफ्याचा मोठा भाग या स्थानमूल्यातून येतो, खोलीतून नव्हे.

स्थानमूल्याचे घटक तीन. (अ) वास्तुसमूह : एका रांगेतील घरे, त्यांचे सज्जे, मंगलोरी कौले, शिंपल्यांच्या खिडक्या आणि पावसाळ्यानंतर दिला जाणारा रंग. (आ) पायी फिरण्याची सोय : पाव, औषध, चहा, बस आणि नदीकाठ हे सर्व वाहनावाचून गाठता येणे. (इ) चालू जीवन : सकाळी भोंगा वाजवीत सायकलवरून येणारा पाववाला पोदेर, सज्जातून होणारी चौकशी, चॅपलची घंटा, संध्याकाळची तावेर्ना. या तिन्हींपैकी एकही घटक चालकाच्या मालकीचा नाही. पहिल्या घटकात त्याच्या घराचा दर्शनी भाग हा एक अंश आहे इतकेच. शेजाऱ्याने स्वखर्चाने आपली भिंत रंगवली की चालकाचे उत्पन्न वाढते आणि शेजाऱ्यास त्यातला रुपयाही मिळत नाही.

यावरून निष्पन्न होते ते असे : स्थानमूल्य हे गावच्या गायरानासारखे सामायिक साधन आहे. प्रत्येकास त्यात आणखी एक जनावर सोडणे फायद्याचे वाटते, आणि गवत कोणी लावीत नाही.

तिसरा घटक विशेष नाजूक आहे, कारण त्याचा क्षय व्यवहाराच्या वाढीनेच होतो. क्रम पुढीलप्रमाणे लागतो. एक कुटुंब जाते, त्याच्या जागी पाहुणे येतात. पाहुणा तूरडाळ घेत नाही, पीठ दळून आणीत नाही, कपडे शिवावयास टाकीत नाही. अशी काही घरे झाली की कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार गाळा सोडतो. तेथे कॉफी आणि भेटवस्तूंचे दुकान येते. उरलेल्या कुटुंबास आता डाळीसाठी वाहन काढावे लागते. म्हणजे वस्ती पाहुण्यासाठी पायी फिरण्याजोगी राहते आणि रहिवाशासाठी राहत नाही. मग तेही कुटुंब जाते. व्हेनिसच्या ऐतिहासिक शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. त्यास कारणे अनेक आहेत, सर्व दोष पर्यटकांच्या खोल्यांवर टाकता येणार नाही. पण क्रमाची दिशा तीच आहे.

३. तीन प्रकार

बाहेरून पाहता सर्व भाडेनिवास सारखे दिसतात : दारावर पाटी, खिडकीत झाडाची कुंडी, जिन्याखाली चपला. वस्तीतील राहत्या घरांच्या साठ्यावर काय परिणाम होतो, या कसोटीवर मात्र ते तीन प्रकारांत विभागतात.

पहिला प्रकार, भरल्या घराचा. मालक घरातच राहतो आणि एक-दोन खोल्या पाहुण्यांस देतो. राहते कुटुंब कमी होत नाही. उलट घर राखण्यास त्यास उत्पन्न मिळते.

दुसरा प्रकार, बंद घराचा. मालक परगावी किंवा परदेशी असतात, घर वर्षानुवर्षे कुलपात असते आणि भाडेनिवासाच्या निमित्ताने ते उघडते. साठ्यातून काही जात नाही, कारण ते घर साठ्यात नव्हतेच.

तिसरा प्रकार, रिकाम्या केलेल्या घराचा. तेथे कुटुंब, बहुधा जुना भाडेकरू, राहत होते. ते गेले किंवा घालवले गेले आणि त्या जागी पाहुणे आले. साठा तेवढ्याने घटतो.

गोव्यात दुसऱ्या प्रकाराची संख्या लक्षणीय असण्यास विशिष्ट कारण आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा येथे चालू आहे. विवाहपूर्व करार केला नसेल तर पतिपत्नीची मिळकत सामायिक होते, प्रत्येकाचा निम्मा हिस्सा. मुलांना मृत्युपत्राने पूर्णतः वगळता येत नाही. परिणामी दोन पिढ्यांत एका घराचे दहा-बारा हिस्सेदार होतात, कोणी लिस्बनला, कोणी मुंबईला, कोणी टोरांटोला. विकण्यास सर्वांची सही लागते, दुरुस्तीस कोणीच पैसे घालीत नाही, आणि घर कौलांपासून खाली ढासळू लागते. अशा घरास चालक मिळणे हे वस्तीचे नुकसान नव्हे. मात्र सर्व हिस्सेदारांची लेखी संमती हाती असल्याखेरीज चालकाने त्यात एक खिळाही ठोकू नये. ज्याने चुलतभावाच्या तोंडी होकारावर न्हाणीघर बांधले, त्याला दुसऱ्या चुलतभावाची नोटीस न्हाणीघर पुरे होण्याच्या सुमारास येते.

तिन्ही प्रकार नियमांच्या दृष्टीने आज जवळजवळ एकच आहेत. गोवा, दमण आणि दीव पर्यटन व्यापार नोंदणी कायदा, १९८२ खाली नोंदणी तिघांनाही लागते, आणि परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती तिघांनाही द्यावी लागते. नोंदणी आवश्यक आहे. पण ती घर कोणत्या प्रकारचे हे विचारीत नाही.

४. वास्तूची प्रकृती

घराचे भाडेनिवासात रूपांतर करण्यापूर्वी घराची प्रकृती समजून घ्यावी लागते. हे प्रकरण इतरांहून विस्ताराने मांडले आहे, कारण चुका येथेच होतात आणि त्या परत फिरवता येत नाहीत.

फोंतेन्हासचे जुने घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे असते. चिरा सच्छिद्र असतो : पावसाळ्यात पाणी ओढून घेतो, उन्हाळ्यात सोडतो. त्यावरचा चुन्याचा गिलावाही श्वास घेऊ देतो. या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही. ते वाट शोधीत वर चढते आणि आतल्या बाजूस, पाहुण्याच्या उशाशी, लोणा धरतो. चालक मग तोच पोपडा खरवडून पुन्हा सिमेंट लावतो. दर दिवाळीस हा खर्च करणारी घरे आहेत. चुना महाग वाटतो तो पहिल्या वर्षी.

वरचा मजला लाकडी असतो. तुळया भिंतीच्या कोनाड्यांत टेकलेल्या, त्यांवर तक्तपोशी. तुळईचा कमकुवत भाग म्हणजे तिचे भिंतीत गेलेले टोक. तेथे ओल पोचली की वाळवी आणि कुज दोन्ही लागतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. यावरून रूपांतराचा पहिला नियम मिळतो : वरच्या मजल्यावर प्रत्येक खोलीस जोडून न्हाणीघर बांधू नये. पाहुणा ते मागतो, जाहिरातीत ते शोभते, आणि घरास तेच मारते. फरशीखालचे एक गळके जोड पाच वर्षांत तुळईचे टोक खाऊन टाकते. न्हाणीघर तळमजल्यावर, परसाच्या बाजूस, जेथे जुनी मोरी होती तेथेच वाढवावे. वर एखादे अपरिहार्य असेल तर ते खालच्या मोरीच्या बरोबर वर यावे आणि त्याचे नळ भिंतीत पुरू नयेत. पाहुण्यास रात्री दहा पावले चालावी लागतील. जाहिरातीत ते आधीच लिहावे.

दुसरा नियम खिडक्यांचा. जुन्या झडपांत काचेऐवजी चपट्या, पारभासक शिंपल्या लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेल्या असतात. त्यांतून येणारा प्रकाश मऊ असतो. डोळ्यांस चटका देत नाही. पण झडप हवाबंद नसते, म्हणून वातानुकूलक लावताच वीज वाया जाते, आणि म्हणून झडपा काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या जातात. उपाय सोपा आहे : शिंपल्यांची झडप जागच्या जागी ठेवून चौकटीच्या आतल्या अंगास लाकडी फ्रेमची स्वतंत्र काच बसवावी. दिवसा काच उघडी, झडप मिटलेली. रात्री दोन्ही मिटलेल्या. वातानुकूलकाचे बाहेरचे यंत्र परसाकडे जावे, दर्शनी भिंतीवर नव्हे, आणि त्याच्या पाण्याची नळी गटारापर्यंत न्यावी. भिंतीवर ठिबकणारी नळी वर्षभर पावसाळा चालू ठेवते.

तिसरा नियम वीजभाराचा. दीड टनाचा वातानुकूलक चालू असता सुमारे दीड किलोवॅट घेतो, गिझर दोन किलोवॅट. दोन खोल्यांत दोन्ही एकाच सकाळी चालू झाले तर सात किलोवॅट होतात. जुन्या घराची तार आणि मंजूर भार बहुधा याच्या निम्म्याचाही नसतो. लाकडी तक्तपोशीखालून गेलेल्या जुन्या तारेवर हा भार टाकणे म्हणजे आगीस निमंत्रण. तारा बदलणे हा रंगाच्या आधीचा खर्च आहे. प्रत्यक्षात रंग आधी होतो.

कौलांविषयी एवढेच की मे महिन्यात ती चाळून घ्यावीत, फुटकी बदलावीत, आणि त्या आठवड्यात पाहुणा घेऊ नये.

या तिन्ही नियमांमागे एक तत्त्व आहे, संवर्धनशास्त्रात त्यास प्रत्यावर्तनीयता म्हणतात : केलेला बदल उद्या काढता आला पाहिजे, आणि काढल्यावर मूळ वास्तू अक्षत उरली पाहिजे. ते तत्त्व वास्तूपुरते ठेवले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते वापरासही लावले पाहिजे. भाडेनिवास बंद करावासा वाटला तर त्याच घरात पुन्हा एखादे कुटुंब राहू शकेल का? स्वयंपाकघर तोडून ज्याने तिसरी खोली केली, त्याने हा मार्ग बंद केला. स्वयंपाकघर राखावे.

५. हिशेब

हिशेबात पुढील आकडे मानीव आहेत. पद्धत दाखवणे एवढाच त्यांचा उपयोग. मानू या की घर कुटुंबास दिले असता महिना ३०,००० रुपये मिळाले असते. देखभालीची तरतूद, इंटरनेट, राखणदार मिळून स्थिर खर्च महिना १५,०००. आरक्षणाच्या मंचाचे कमिशन वजा जाता एका रात्रीचे ४,५०० येतात. दर रात्रीचा वीज-पाण्याचा खर्च ६००. पाहुणा बदलताना सफाई आणि धुलाई मिळून ९००.

शेवटचा खर्च रात्रींवर नव्हे, मुक्कामांवर अवलंबून आहे, हे लक्षात घ्यावे. एका रात्रीचा मुक्काम असेल तर रात्रीमागे ९०० पडतात. तीन रात्रींचा असेल तर ३००. म्हणून निव्वळ प्राप्ती पहिल्या स्थितीत रात्रीमागे ३,००० आणि दुसऱ्या स्थितीत ३,६००. सोडलेले भाडे आणि स्थिर खर्च मिळून वर्षास ५,४०,००० रुपये भरून काढावयाचे आहेत. एका रात्रीच्या मुक्कामांनी त्यासाठी १८० रात्री लागतात, तीन रात्रींच्या मुक्कामांनी १५०.

गोव्यातील हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे १८२ दिवसांचा. पणजीत त्याच काळात नोव्हेंबरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, डिसेंबरमधील सेरेंडिपिटी कलामहोत्सव, नाताळ आणि कार्निव्हल येतात. एकेका रात्रीचे पाहुणे घेणाऱ्यास हंगामातील जवळजवळ प्रत्येक रात्र भरावी लागते. तीन रात्रींची किमान मर्यादा घालणाऱ्यास महिन्यास पाच रात्री मोकळ्या ठेवता येतात. पावसाळ्यात चादरी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, गादीवर बुरशी येते आणि दर निम्म्यावर उतरतो. त्या काळातील उत्पन्न हिशेबात न धरणेच शहाणपणाचे. किमान मर्यादेचा दुसरा लाभ शेजाऱ्यास होतो : जिन्यावरून बॅगा चढण्या-उतरण्याचे प्रसंग एक-तृतीयांश होतात. चालकाचा आणि शेजाऱ्याचा स्वार्थ एका रेषेत येण्याची ही दुर्मिळ जागा आहे.

आता हाच हिशेब तीन प्रकारांस लावून पाहावा. वरील १५० रात्री लागतात त्या तिसऱ्या प्रकारास, कारण सोडलेल्या भाड्याची भरपाई त्यासच करावयाची असते. बंद घराच्या मालकाने कोणतेही भाडे सोडलेले नसते. त्याला केवळ वर्षाचा १,८०,००० चा स्थिर खर्च काढावयाचा असतो, आणि त्यास ५० रात्री पुरतात. भरल्या घरातील खोलीचा स्थिर खर्च कुटुंबाच्या खर्चातच मुरलेला असतो; तिला त्याहूनही कमी रात्री पुरतात. अर्थात वस्तीस जो प्रकार सर्वाधिक हानी करतो, त्यालाच टिकण्यासाठी सर्वाधिक रात्री विकाव्या लागतात. नियमनाच्या दृष्टीने हे फलित महत्त्वाचे आहे आणि सातव्या प्रकरणात त्याचा उपयोग केला आहे.

कराविषयी संक्षेपाने. सेवांसाठी वस्तू व सेवा कराची नोंदणीमर्यादा सामान्यतः वार्षिक २० लाखांच्या उलाढालीची आहे. चालक नोंदणीकृत नसेल तर मंचावरून झालेल्या आरक्षणावरील कर भरण्याचे दायित्व मंचावर येते. दिवसास ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के आहे, निविष्टी कराच्या वजावटीविना. प्राप्तिकरात कुटुंबास दिलेल्या घराचे भाडे ‘घरमालमत्तेचे उत्पन्न’ ठरते आणि त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. सेवांसह दिलेल्या अल्पमुदती निवासाचे उत्पन्न सामान्यतः धंद्याचे ठरते आणि ती वजावट जाते. अनेकांच्या कोष्टकात हा रकाना नसतो.

६. शेजार

चौथ्या पक्षावर पडणारा भार तीन जातींचा : आवाज, दृष्टी आणि कचरा.

आवाजाचे प्रमुख निमित्त संगीत नव्हे. ध्वनिक्षेपकास रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि तक्रार केल्यास ती बजावता येते. खरे निमित्त आगमन हे आहे. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर रात्री उतरलेला पाहुणा दीड-दोनला वस्तीत पोचतो. टॅक्सी गल्लीत शिरत नाही. मग बॅगेची चाके दगडी कडेवरून खडखडत येतात, फोनवर मोठ्याने पत्ता विचारला जातो, चुकीच्या दारावर थाप पडते, आणि दार थेट रस्त्यावर असल्याने थाप ही उशापाशीच पडते. वर गेल्यावर तक्तपोशीवरचे प्रत्येक पाऊल खालच्या घरात मोजता येते. उपाय तीन : रात्री दहानंतर आगमन नाही, असल्यास चालकाचा माणूस खाडीकाठच्या रस्त्यावर स्वतः उभा, आणि तक्तपोशीवर जाड सतरंजी. किल्लीची सांकेतिक पेटी हा उपाय नाही. ती चालकाचा श्रम शेजाऱ्यावर ढकलते, कारण पेटी उघडली नाही की पाहुणा शेजारचीच कडी वाजवतो.

दृष्टीचा भार अलीकडचा आहे. छायाचित्रासाठी परक्याच्या ओट्यावर बसणे, विवाहपूर्व चित्रणासाठी गल्ली अडवणे, उघड्या खिडकीत कॅमेरा घालणे, यांस कंटाळून रहिवाशांनी भिंतींवर मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. चालक आपल्या जाहिरातीत शेजाऱ्याच्या घराचे छायाचित्र छापतो, तेव्हा या वर्दळीस तो निमंत्रणच देतो. त्याने स्वतःच्याच घराचे छापावे.

कचऱ्याबाबत पणजी महानगरपालिका घरोघर संकलन आणि वर्गीकरण करते. कोणत्या दिवशी काय द्यायचे हे रहिवाशास पाठ असते, दोन रात्रींच्या पाहुण्यास नाही. ते शिकवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. वर्गीकरण चालकाने स्वतः करावे.

७. नियमन

परदेशांतील नियमनाच्या तीन पद्धती दिसतात. पहिली संपूर्ण निर्मूलनाची : बार्सेलोनाने १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपू देण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. दुसरी गोठवण्याची : लिस्बनने २०१८ मध्ये आल्फामा, मोरारिया आदी जुन्या भागांत नव्या नोंदण्या थांबवल्या. फोंतेन्हासच्या वाचकास ही नावे परकी वाटू नयेत. ज्यांनी घरांचे हे नमुने येथे आणले त्यांच्याच राजधानीने हा निर्णय घेतला. तिसरी रात्रींच्या मर्यादेची : जपानमध्ये २०१८ पासून वर्षास १८० रात्री, पॅरिसमध्ये २०२५ पासून ९०, ॲमस्टरडॅममध्ये २०१९ साली ३०, ही शेवटची दोन्ही मालकाच्या स्वतःच्या मुख्य घरासाठी.

पाचव्या प्रकरणातील हिशेब येथे लावावा. १८० ची मर्यादा फोंतेन्हासमध्ये तिसऱ्या प्रकारास अडवणार नाही, कारण त्याची गरज १५० ची आहे. ३० ची मर्यादा दुसऱ्या प्रकारासही नष्ट करील आणि बंद घरे बंदच राहतील. ९० च्या आसपासची मर्यादा बंद घरास उघडण्याइतकी सैल आणि कुटुंब काढण्यास प्रवृत्त न करण्याइतकी घट्ट ठरते. आकडे मानीव आहेत. प्रत्यक्ष भाड्यांवरून मर्यादा थोडी सरकेल, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या गरजांच्या दरम्यानच बसवावी लागेल, हे अनुमान आकड्यांवर तितके अवलंबून नाही.

रात्रींच्या मर्यादेत एक दोष उरतो : रात्री मोजणार कोण? चालक दोन मंचांवर आणि तिसऱ्या वाटेने फोनवरून आरक्षण घेतो. मालक घरात राहतो की नाही हे मात्र गल्लीतील कोणासही ठाऊक असते; ते लपवता येत नाही. म्हणून पहिल्या प्रकारास रात्रींची मर्यादाच लावू नये, मालकाच्या निवासाची अट लावावी. ही अट नवी नाही. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ निवास व न्याहारी योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे आणि खोल्या सहापेक्षा अधिक नसाव्यात, असे आहे. ती योजना ऐच्छिक दर्जावारीसाठी आहे. संवर्धनक्षेत्रात तीच अट नोंदणीसाठी अनिवार्य करावी. दुसऱ्या प्रकारास सर्व हिस्सेदारांची संमती आणि वर्षास ९० रात्री, एवढ्यावर नोंदणी द्यावी. तिसऱ्या प्रकारास ती देऊ नये. घर गेल्या पाच वर्षांत राहते होते की बंद, याचा पुरावा म्हणून विजेची जुनी बिले पुरेशी आहेत.